मैफलीची दारे आणि तरुण श्रोता

१९३३ साली गदग येथील एका शिक्षकाचा अकरा वर्षांचा मुलगा घर सोडून निघून गेला. निमित्त घरातल्या रुसव्याचे, पानावर पडलेल्या तुपाच्या धारेचे, असे सांगतात. पण कारण दुसरेच होते. शाळेच्या वाटेवरील एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर वाजत असे. ती ऐकण्यासाठी हा मुलगा दुकानापाशी खिळून राही. तबकडी फार तर तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्या वेळात जे कानी पडले त्याने त्याची भूक भागली नाही, उलट चेतली. हे गाणे जिथे असते तिथे गेले पाहिजे, एवढेच त्याला कळत होते. ते कुठे असते हे मात्र ठाऊक नव्हते. आगगाडीत तिकिटाशिवाय बसावे, तपासनीस आला तर त्याला गाणे ऐकवावे, आणि गाण्याने त्याचे मन द्रवले नाही तर मुकाट्याने उतरावे, अशा रीतीने तो पुणे, मुंबई, ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली असे करीत थेट जालंधरला पोहोचला. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

पुढची हकीकत संगीताच्या इतिहासात अनेकदा सांगितली गेली आहे. परंतु ती बहुधा गुरुशोधाची कथा म्हणून सांगितली जाते. ती एका तरुण श्रोत्याची कथाही आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. गायक होण्यापूर्वी भीमसेन हे श्रोते होते, आणि प्रत्यक्ष गाणे ऐकण्यासाठी त्यांना अर्धा हिंदुस्थान पालथा घालावा लागला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातही एखाद्या सामान्य घरातील मुलाला उत्तम गवयासमोर बसून त्याचे गाणे ऐकता येणे ही गोष्ट इतकी दुर्घट का असावी, आणि ती हळूहळू सुघट कशी झाली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकात मैफलीला दारे होती आणि त्या दारांवर पहारा होता. गवई राजाच्या पदरी असे. तो गाई तो दरबारात, सरदाराच्या वाड्यात किंवा सावकाराच्या दिवाणखान्यात. बोलावणे असेल त्याने जावे, नसेल त्याने वाड्याच्या भिंतीला कान लावावा. दुसरीकडे कलावंतिणीची बैठक होती. तिथले गाणे पुष्कळदा अव्वल दर्जाचे असे. परंतु त्या जिन्याची पायरी चढलेला मुलगा घरच्यांच्या दृष्टीने वाया गेलेला ठरे, आणि मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न उपस्थितच होत नसे. देवळात कीर्तन होते, भजन होते, उत्सवात एखादा गवई हजेरी लावी. सामान्यांच्या वाट्याला येणारे गाणे एवढेच. गाण्याची आवड असणे आणि गाणे ऐकायला मिळणे या दोन गोष्टींत कुळाची, पैशाची आणि अब्रूची अशा तीन भिंती उभ्या होत्या.

यांपैकी पहिल्या दोन भिंतींना शहरी मध्यमवर्गाने प्रथम भगदाड पाडले. मुंबईत पारशी गृहस्थांनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. कोल्हापुरात १८८३ साली देवल क्लब सुरू झाला. या संस्थांचे खरे महत्त्व त्यांच्या नियमावलीत किंवा वार्षिक अहवालांत शोधू नये. वर्गणी भरणाऱ्या माणसाला गवयासमोर बसण्याचा हक्क मिळाला, हे त्यांचे महत्त्व. ज्याने बिदागी दिली तो मालक आणि बाकीचे त्याचे पाहुणे, हा दिवाणखान्यातला भेद तिथे उरला नाही.

१८८४ साली गायन उत्तेजक मंडळीचा एक नवा सभासद दाखल झाला. वय वर्षे चोवीस, कॉलेजातील शिक्षण अजून पुरे व्हावयाचे होते, आणि पुढे वकिली करण्याचा बेत होता. त्याचे नाव विष्णू नारायण भातखंडे. मंडळीत येणाऱ्या नामांकित गवयांचे गाणे भातखंडे वर्षानुवर्षे ऐकत राहिले. एकच राग दोन उस्ताद दोन तऱ्हांनी मांडतात, आणि दोघेही आपलेच खरे म्हणतात, हे त्यांना ग्रंथांतून कळले नसते. ग्रंथ तर तिसरेच काही सांगत होते. ते कळले प्रत्यक्ष बैठकीत. पुढे देशभर हिंडून त्यांनी जो रागांचा आणि चिजांचा संग्रह केला, थाटांची जी व्यवस्था लावली, तिच्या मुळाशी तरुण वयात मांडी घालून केलेले हे श्रवण आहे. भातखंड्यांच्या शास्त्राविषयी वाद आजही होतात आणि व्हावेतही. परंतु त्यांच्या कानाविषयी सहसा कोणी वाद घालीत नाही.

दुसरे विष्णू, म्हणजे पं. विष्णू दिगंबर पलुस्कर, यांची तऱ्हा निराळी. जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी दत्तजयंतीच्या दिवशी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. मिरजेच्या एका समारंभास या शिष्याला निमंत्रण आले, परंतु खुद्द गुरूंना आले नाही, कारण ते पडले ‘गवई’. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला, असे सांगितले जाते. १८९६ साली त्यांनी मिरज सोडले आणि सौराष्ट्रात त्यांनी नाममात्र तिकीट लावून जाहीर जलसा केला. गवयाने तिकीट लावावे याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल, काहींना ते हलकेपणाचेही वाटले असेल. वस्तुतः ते तिकीट म्हणजे एक सनदच होती. ज्याच्या खिशात चार आणे आहेत तो राजाच्या पंगतीला बसू शकतो, असे ती सनद सांगत होती. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. एका मराठी माणसाने पंजाबात जाऊन, लोकांच्या वर्गणीवर, कोणत्याही संस्थानिकाच्या आश्रयावाचून हे विद्यालय चालविले, ही त्या काळच्या दळणवळणाचा विचार करता साधी गोष्ट नव्हे. त्यातून जे शिष्य बाहेर पडले ते सगळेच मोठे गवई झाले नाहीत. टीकाकार हा दोष म्हणून सांगतात. परंतु त्या विद्यालयाने गवयांपेक्षा श्रोते अधिक घडविले, आणि संगीताला त्या घडीला गरज श्रोत्यांचीच होती.

महाराष्ट्रात या कामी नाटक मंडळ्यांचा हातभार फार मोठा लागला. १९११ सालचे ‘मानापमान’ किंवा १९१६ सालचे ‘स्वयंवर’ पाहावयास पिटात बसलेला विद्यार्थी आपण रागदारी ऐकत आहो असे समजत नसे. तो बालगंधर्वांना ऐकावयास आलेला असे. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, तर ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांनी आपल्या भांडारातील अस्सल चिजा पदांत ओतल्या आणि त्या वन्समोअरच्या गजरात घरोघर पोहोचल्या. पदावरून चीज आणि चिजेवरून राग अशी उलटी वाट चालत कितीतरी मराठी तरुण मैफलीपर्यंत आले. अब्रूची जी तिसरी भिंत, तीही इथेच प्रथम हलली. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकांनी तिकिटाचे जाहीर कार्यक्रम करून कुलीन स्त्रियांना श्रोता म्हणून आणि गायिका म्हणूनही मोकळ्या दाराने आत येण्याची वाट रुंद केली.

आता पुन्हा जालंधरकडे वळू. तेथील देवी तलावाच्या काठी स्वामी तुळजागिरी यांची समाधी आहे. त्यांचे शिष्य स्वामी हरिवल्लभ यांनी १८७५ साली गुरूंच्या स्मरणार्थ तेथे संगीताचा मेळा सुरू केला, तो आजतागायत चालू आहे. डिसेंबरच्या अखेरीस, पंजाबातील कडाक्याच्या थंडीत हा मेळा भरतो. याचे वैशिष्ट्य असे की तो मुळापासूनच दरबाराचा नव्हता. साधूच्या समाधीपाशी जमलेल्या लोकांना तिकीट कोण विचारणार? कांबळी पांघरून शेतकरी बसत, दुकानदार बसत, विद्यार्थी बसत. गवईही बिदागीचा विचार न करता येत, कारण तिथे हजेरी लावणे हीच सेवा समजली जाई. पलुस्कर आणि त्यांचे शिष्य तिथे गाऊन गेले. मैफलीची दारे उघडण्याचा खटाटोप मुंबई-पुण्यास चालला होता, तेव्हा पंजाबातल्या या तळ्याकाठी मुळी दारेच नव्हती.

गदगहून निघालेला मुलगा अखेर येथे येऊन थांबला, हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही. जालंधरला तो भक्त मंगतराम या अंध गायकाकडे ध्रुपद शिकू लागला आणि मेळ्यात येणाऱ्या गवयांच्या मागे तंबोऱ्यावर बसू लागला. तंबोऱ्यावर बसणे म्हणजे काय हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. गवयाचा श्वास कुठे तुटतो, सुराच्या आधी त्याची मान कशी वळते, एखादी तान फसली तर तो ती कशी सावरून घेतो, हे सारे दोन हातांवर दिसते. तबकडीवर यातले काही उतरत नाही. तबकडीवर उतरते ते सिद्ध झालेले गाणे. घडत असलेले गाणे मैफलीतच भेटते. या मेळ्यात विनायकराव पटवर्धन आले. एवढ्या दूर हा कन्नड मुलगा कशासाठी आला, याचे त्यांना आश्चर्य वाटले. तुझ्या घराजवळच कुंदगोळला रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, असताना तू इथे का, असे त्यांनी त्याला विचारले. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. ज्या आवाजामागे मुलगा घरातून निघाला होता त्या आवाजाचे घर त्याच्या घरापासून काही मैलांवर होते, आणि हे त्याला कळले ते हजार मैलांवरच्या एका मैफलीत. १९३६ साली भीमसेन सवाई गंधर्वांचे शिष्य झाले.

याच सुमारास मुंबईत दुसऱ्या एका कन्नड मुलाचे नाव गाजत होते. शिवपुत्र कोमकळी हा मुलगा थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. तान न् तान, हरकत न् हरकत तीच. लोक थक्क होत. एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली होती. अकरा-बारा वर्षांच्या या बालकाने मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेत मोठमोठ्या गवयांसमोर गाऊन सभा जिंकली. पण नक्कल कितीही अचूक असली तरी ती तबकडीच्या काठापाशी संपते. तीन मिनिटांनंतर पुढे काय करावयाचे हे तबकडी सांगत नाही. कुमारांना ते कळले प्रा. बा. र. देवधरांच्या शाळेत. ऑपेरा हाउसजवळच्या या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई येऊन गात, आणि देवधर हे स्वतः कोणत्याही एका घराण्याचे मिंधे नसल्यामुळे मुलांना सर्व काही ऐकू देत. आज ग्वाल्हेर, उद्या आग्रा, परवा किराणा. एका घराण्याच्या तालमीत वाढणाऱ्या मुलाला दुसऱ्याचे गाणे ऐकण्याचीही मनाई असे, त्या काळातली ही गोष्ट आहे. कुमारांनी पुढे जे स्वतंत्र गाणे निर्माण केले, त्यात आजारपणाच्या मौनाचा आणि माळव्याच्या लोकधुनांचा वाटा मोठा आहे, हे सर्वश्रुतच आहे. परंतु नकलेतून त्यांना प्रथम सोडविले ते या बैठकींनी.

तथापि तबकडीची निंदा करून भागणार नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हापासून या यंत्राने मैफलीचा श्रोतृवर्ग कमी केला नाही, वाढविला. गंगूबाई हनगल लहानपणी ग्रामोफोनचा आवाज कानी पडताच रस्त्यावर धावत, असे त्याच सांगत. तबकडीने हाक दिली आणि मैफलीने आत घेतले, असा या दोहोंचा संबंध होता. नभोवाणीचेही तेच झाले. २० जुलै १९५२ रोजी आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि मद्रासच्या घरात आग्रा घराणे व नागपूरच्या घरात त्यागराजांची कृती ऐकू येऊ लागली. परंतु स्टुडिओच्या बंद खोलीत, घड्याळाचा काटा समोर ठेवून, दाद देणारे एकही माणूस नसताना गाणे म्हणजे गवयाला शिक्षाच. १९५४ पासून आकाशवाणीने जी संगीत संमेलने भरविली ती निमंत्रित श्रोत्यांसमोर. ध्वनी दूरवर पोहोचविण्याचे साधन ज्यांच्या हाती होते त्यांनीच समोर माणसे बसविली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भातखंड्यांनी १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, तीत चर्चा मुख्य होती. नंतर दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. पण ‘कॉन्फरन्स’ हा शब्द लोकांनी घेतला तो निराळ्याच अर्थाने. १९३४ साली कलकत्त्यास ऑल बेंगॉल म्युझिक कॉन्फरन्स सुरू झाली. १९५२ पासून डोव्हर लेनची परिषद भरू लागली. तिथे चर्चा नसे, रात्र रात्र गाणे असे. १९४४ साली मुंबईत विक्रमादित्य संगीत परिषद झाली, तीत जेमतेम सोळा वर्षांच्या विलायत खाँनी सतार वाजवून आपले नाव गाजविले. म्हणजे तरुण केवळ समोर नव्हता, मंचावरही होता. ध्वनिक्षेपकाने सभागृहाची भिंत निरर्थक करून टाकली. ज्याला तिकीट परवडत नाही त्याने बाहेर पदपथावर वर्तमानपत्र पसरून बसावे. गिरगावच्या गणेशोत्सवात तर रस्ता हेच सभागृह होते. कित्येकांनी उत्तमोत्तम गवई प्रथम ऐकले ते असे, पायाला मुंग्या आलेल्या अवस्थेत.

या बैठकींत तरुणाला नेमके काय मिळे? राग समजे, असे उत्तर देण्याचा मोह होतो; पण बहुतेकांना पहिल्या काही रात्री रागही समजत नसे. शेजारी बसलेल्या वृद्धाची मान समेवर हलताना पाहून सम कळे. कुठे ‘वाहवा’ म्हणावयाचे आणि कुठे गप्प राहावयाचे, हे कोणी शिकवीत नसे आणि तरी सर्वांना येई. तंबोरे जुळेपर्यंत थांबण्याची सवय लागे. मोठा गवईही कधी कधी घसरतो, आवाज लागत नाही म्हणून कष्टी होतो, आणि पाऊण तासाने तोच असा काही रंगतो की आधीचे सारे विसरावे. हे पाहिलेला तरुण पुढे गवयांना देव मानीत नाही, पण त्यांचा आदर अधिक करतो. गुणदोषांसह ऐकण्याची ही रीत दुसऱ्या कोणत्याही शाळेत मिळण्यासारखी नव्हती. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. या गर्दीमुळे गाणेही बदलले. द्रुत तानांना आणि सवाल-जबाबांना टाळ्या सहज पडतात, आणि टाळ्यांची चटक लागलेला कलावंत विलंबित आवरते घेऊ लागतो. जुन्या जाणकारांची ही तक्रार होती आणि ती खोटी नव्हती.

सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२ रोजी निवर्तले. १९५३ साली त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीनिमित्त पुण्यात संगीतोत्सव झाला आणि त्याचा भार भीमसेनांनी आपल्या शिरावर घेतला. तिकिटाशिवाय आगगाडीने फिरलेल्या मुलाने मोठेपणी हा उत्सव चालवावा, भारतीय बैठकीचे तिकीट विद्यार्थ्याला परवडेल असे ठेवावे, आणि नवख्या कलावंताला उस्तादांच्या पंक्तीला बसवावे, यात नवल नाही. रमणबागेच्या मैदानावर डिसेंबरच्या थंडीत सतरंज्या, शाली आणि चहाच्या किटल्या घेऊन आलेली तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे पहाटेपर्यंत बसत. दोन वाजता दरबारी, पहाटे ललत. रागाची वेळ म्हणजे काय हे त्या मैदानावर पुस्तकाशिवाय कळे. रात्री दहानंतर उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास नियमांनी बंदी आली, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांना बळकटी दिली, आणि ही रात्र हळूहळू आकसली. नियम रास्तच आहे. आजाऱ्याला झोप हवी असते. पण उत्तररात्रीचे राग आता तरुणांच्या कानी प्रत्यक्ष क्वचितच पडतात, आणि पडतात ते सायंकाळी सात वाजता, हेही तितकेच खरे.

दरम्यान उलट्या दिशेनेही एक प्रवास झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या किरण सेठ या भारतीय विद्यार्थ्याने तेथे डागर बंधूंचे ध्रुपद समोर बसून ऐकले. दिल्लीच्या आय. आय. टी. मध्ये अध्यापक झाल्यावर १९७७ साली त्यांनी ‘स्पिक मॅके’ ही चळवळ सुरू केली. श्रोत्याने कलावंताकडे जावे ही जुनी रीत. येथे कलावंत शाळा-महाविद्यालयांत येऊ लागला. तिकीट नाही, व्यवस्था विद्यार्थ्यांचीच, आणि बैठक शक्यतो जमिनीवर. जालंधरच्या तळ्याकाठची रीत अशी फिरून वसतिगृहाच्या सभागृहात आली. आज तरुणाच्या खिशातल्या यंत्रात अब्दुल करीम खाँसाहेबांची ती झिंझोटी हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा वाजते. दुकानापाशी उभे राहण्याचे कारण उरलेले नाही. तरी डिसेंबर आला की मुलेमुली तिकिटांच्या रांगेत दिसतातच.

२४ जानेवारी २०११ रोजी भीमसेन गेले आणि पुण्याच्या उत्सवाच्या नावात गुरूच्या नावाशेजारी शिष्याचे नाव आले. शेवटच्या दिवशी सर्व गाणी-वाजवणी संपल्यावर तेथे सवाई गंधर्वांची भैरवीची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावण्याची प्रथा आहे. मंचावर कोणी नसते. मोकळ्या मंचाकडे तोंड करून हजारो माणसे ती काही मिनिटे स्तब्ध राहून ऐकतात, आणि मग सतरंज्यांच्या घड्या घालू लागतात.